पाणी दिलेला माग

इमी-न-तर्गा
३ नोव्हेंबर

हेन्नू,

विणकामाची खोली बंद पडली आहे आणि ती उघडणं तुझ्याशिवाय कोणाच्या हातात नाही, म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण नाही. फोन तू उचलत नाहीस. गावातला नंबर दिसला की कापतेस, असं तुझा मामेभाऊ बासू सांगतो. कागदही फाडता येतो, पण त्याआधी वरच्या दोन ओळी तरी वाचून होतात.

तुझी आई गेल्याचं बासूने कळवलंच आहे. दफन त्याच दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर झालं. ब्रसेल्सहून तू पोचू शकली नसतीस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या दिवशी इथे एक चूक झाली, तिच्याबद्दल लिहिते.

इज्जा मागासमोर बसल्या बसल्या गेली. डोकं ताण्याच्या उभ्या धाग्यांना टेकलेलं होतं. बाकीच्यांना वाटलं, गाठ बघते आहे. घरी न्यायला जिना अरुंद, म्हणून पुरुषांना बाहेर काढून खोलीतच तिला आंघोळ घातली. ते काम यामनाने केलं. गावातल्या प्रत्येकीला तिनेच घातली आहे, आणि प्रत्येक गालिचालाही तीच शेवटचं पाणी देते. आता तिला नीट दिसत नाही. आंघोळ झाली, कफन झालं, सगळ्या रडत होत्या. यामनाच्या हातात वाडग्यात पाणी उरलं होतं आणि समोर माग उभा होता. तिने मागावरची, विणलेली ओळ ठोकून बसवायची फणी पाण्यात बुडवली, इज्जाच्या अर्ध्या गालिचावर शिंपडली आणि कलमा म्हटला.

आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. कोणाचाच हात वेळेवर पुढे झाला नाही.

तुला अर्थ सांगायला नको. ताणा लावला त्या दिवसापासून गालिचा जिवंत असतो. पुरा झाला की त्याला माणसासारखं पाणी द्यायचं आणि मगच कापायचा. हा अर्धाच आहे आणि त्याला पाणी मिळालं आहे, तेही तुझ्या आईच्या अंगावरून उरलेलं. आता पुढे विणायचा तर बायका म्हणतात, मेलेल्यावर विणू का? कापायचा तर म्हणतात, अर्धवट कापणं म्हणजे खून. हलवायलाही कोणी तयार नाही. तो खोलीच्या मधोमध उभा आहे आणि बाकीचे माग त्याच्याभोवती रिकामे.

मम्मासला ओळखतेस. तुझ्याच बरोबरीची, तोंडाने तशीच तिखट. मी तिला म्हटलं, "भिंतीकडे तोंड करून बस आणि काम कर."

"लल्ला तूदा, प्रेताला पाठ दाखवून सूत विणू?"

"सूत नाही. लोकर."

"बरं, लोकर. तुम्ही बसता का माझ्या शेजारी, लोकर घेऊन?"

मी रबातला भूगोल शिकले. मला विणता येत नाही, हे ती मला दर महिन्यात एकदा तरी ऐकवते.

खोली बंद म्हणजे काय, ते तुझ्या लक्षात असेलच. मुलींना तालुक्याच्या शाळेत नेणारी गाडी आपल्या विणकर बायकांच्या संस्थेची आहे, बासू ती चालवतो, डिझेल या खोलीतून येतं. गाडी उभी आहे. मुली घरी शेळ्यांमागे आहेत. बाजारातला हाजी, ज्याच्या घरून लोकर आणून आपल्या आया-आज्यांनी जन्मभर त्याचेच गालिचे विणले, तो दोनदा चहा प्यायला येऊन गेला. सांत्वनाला आलो म्हणाला. येताना लोकरीची गाठोडी घेऊन आला होता.

पोटच्या मुलीने हात लावला तर चालेल, असं यामना म्हणते. इज्जाला तू एकच आहेस. ये. विणायचं की कापायचं ते ठरव आणि जा.

बासू म्हणत होता, फोटो पाठवू, ती तिथून सांगेल. फोटो पाठवणार नाही. का, ते तुला माहीत आहे.

तूदा


२१ नोव्हेंबर

हेन्नू,

तू बासूच्या फोनवर जे बोलून पाठवलंस, ते त्याने अंगणात सगळ्यांसमोर लावलं. मठ्ठ आहे तो. आधी एकदा स्वतः ऐकावं एवढीही अक्कल नाही. त्यामुळे तुझं बोलणं यामनापासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

"लल्ला तूदा, तुम्हीच मला सभेत संस्थेतून काढलंत ना? आता मागासाठी मुलगी पाहिजे? कापा आणि विका. विकायला तर तुम्हाला छान जमतं."

पूर्वी खाल्ती, मावशी म्हणायचीस. आता एखाद्या कचेरीतल्या बाईसारखं लल्ला म्हणालीस. ठीक आहे. कचेरीतल्या बाईसारखंच उत्तर देते.

तुला काढलं ते योग्य होतं. आईच्या गालिचांचे फोटो तू यंत्रावर गालिचे काढणाऱ्या त्या कंपनीला विकलेस. ते गालिचे आईचे होते हे खरं, पण त्यातला प्रत्येक डोंगर, प्रत्येक विंचू, प्रत्येक काजळदाणी तुझ्या पणजीच्या आधीपासून या खोऱ्यात हातातून हातात आली आहे. ती विकायला तुझी नव्हती आणि माझीही नव्हती. आम्ही हाजीचं देणं फेडून संस्था उभी केली ती याचसाठी, की गालिचावर नाव आपलं असावं. वर्षभरात यंत्रावर काढलेल्या नकला मराकेशच्या दुकानांत आल्या. आमच्या गालिचाशेजारी ठेवून गिऱ्हाईक विचारायचं, हा एवढा महाग का?

इज्जाला मी स्वतः घेऊन गेले होते. दुकानदाराने ती नक्कल जमिनीवर पसरली. इज्जा खाली बसली, तिने हात फिरवला, कडेची शिवण उलटून पाहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तूदा, हा कधी जिवंतच नव्हता गं. याला कोण धुणार?" मग उठली आणि दुकानाबाहेर गेली.

सभेत हात मोजणं माझं काम होतं. तुझ्या आईचा हात वर होता, तो मोडलेल्या मनगटाचा. तो नीट सरळ होत नसे, म्हणून मी तिला विचारलं, इज्जा, हा हात वर आहे की नुसता उचललाय? ती म्हणाली, वर आहे. तू ते ऐकलंस आणि दाराकडे निघालीस. पुन्हा सभा भरली तर मी पुन्हा मोजीन.

हे तुला माहीत आहे. आता माहीत नसलेलं सांगते. तू गेल्यावर तिने एकही नक्षी विणली नाही. तपकिरी आणि पांढरे पट्टे. वर्षानुवर्षं पट्टे. गिऱ्हाइकं विचारायची, मी सांगायची, तिचे डोळे गेले. डोळे चांगले होते. या वसंतात तिने स्वतःहून नवा ताणा लावला आणि नक्षी सुरू केली. खालून वर हातभर विणून झाल्यावर मम्मासने मला हाक मारली, "लल्ला, या बघा, हे काय आहे?" मला कळलं नाही. यामनाने बोटांनी चाचपून पाहिलं, तिलाही कळलं नाही. आपल्या खोऱ्यातलं काही त्यात आहे, पण त्यातलं काहीच नेहमीच्या जागी नाही.

मी विचारलं, "काय करते आहेस हे?"

"बघू," म्हणाली.

तुझी आई मागासमोर बसून "बघू" म्हणाल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. बसण्याआधीच तिला शेवटची गाठ ठाऊक असायची.

ते आता अर्धं उभं आहे. पुढे काय यायचं होतं ते कोणालाच माहीत नाही. लहानपणी तू तिच्या डाव्या हाताला बसायचीस. तुला माहीत असेल तर असेल.

कापा आणि विका म्हणालीस. कात्री लावायला तयार असलेली एक बाई मला दाखव. मीही तयार नाही. भूगोल शिकूनसुद्धा.

तूदा


७ डिसेंबर

हेन्नू,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण दोन गोष्टी झाल्या.

पहिली. मम्मासने हाजीची लोकर घेतली. तिच्यामागून आणखी तिघींनी. मी तिच्या घरी गेले तर ती दारातच उभी राहिली. "ओरडा," म्हणाली, "पण पोरं आत आहेत, त्यांच्यादेखत ओरडू नका." मी ओरडले नाही. ती घरात विणते आहे, हाजीने कागदावर काढून दिलेली फुलं. आपल्याकडे अशी फुलं उगवतही नाहीत. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुमची खोली उघडा, मी अनवाणी धावत येते. पण त्या आवाजात मी बसणार नाही."

आवाजाचं तुला आजवर लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं मला वाटलं नव्हतं. बायका म्हणतात, खोलीतून फणीचा आवाज येतो. कुलूप माझ्याकडे, खिडक्या बंद. मी म्हणत होते वारा असेल, लाकूड थंडीने आवळत असेल, उंदीर असेल. सगळं म्हणून झालं.

दुसरी गोष्ट. शुक्रवारी दुपारी सगळे मशिदीत गेले असताना मी खोली उघडून आत बसले. चहाची किटली नेली, विणायला नाही तर निदान प्यायला काही असावं म्हणून. उन्हाचा पट्टा मागावर पडला होता. ताणा वरच्या लाकडाखाली रिकामा, खाली गालिचा. त्यावर पाण्याचे थेंब वाळून पडलेले डाग मी हाताने पुसायला गेले. ते पुसले जात नाहीत.

तुझ्या आईचा ठोका तुला आठवतो. मनगट मोडल्यापासून दोन जोरात आणि तिसरा हलका, लंगडा. गावात कोणीही रस्त्यावरून ओळखायचं, इज्जा बसली आहे. सरकारी बाई एकदा पाहणीला आली होती, तिला वाटलं आमच्याकडे यंत्र आहे, बिघडलेलं.

मी ऐकलं, हेन्नू. वारा तिसरा ठोका हलका मारत नाही. एवढंच लिहिते. तू बासूच्या फोनवर हसशील तर हस.

चहा तसाच राहिला. मी कुलूप लावलं आणि घरी न जाता तिच्या कबरीकडे गेले. तिथे काहीच आवाज नव्हता. मला ते जास्त वाईट वाटलं.

तूदा


२३ डिसेंबर

हेन्नू,

येते म्हणालीस, निरोप मिळाला. मोजकं लिहिते.

खिंडीत बर्फ आहे. बस तालुक्यापर्यंतच येईल. पुढे बासू संस्थेची गाडी घेऊन येईल. डिझेल मी भरलं आहे.

राहायची सोय तुझ्या आईच्या घरात. झाडून ठेवलं आहे. तिथे झोपवणार नसेल तर माझ्याकडे.

तू विचारलंस, कंपनी नवी नक्षी मागते आहे, हे लपवायचं नाही म्हणून आधीच सांगते, आईच्या नक्षीचा फोटो घेतला तर चालेल ना? न लपवल्याबद्दल ठीक. चालणार नाही. फोन खोलीबाहेर राहील. कागद-पेन्सिलही.

कोणी तुला शिव्या देईल, ऐकून घे. कोणी मिठी मारेल, तीही सहन कर.

तूदा


१८ जानेवारी

हेन्नू,

तू ब्रसेल्सला पोचल्याचं बासूने सांगितलं. तू गेलीस त्या दिवशी गडबडीत देण्याघेण्याची नोंद राहून गेली. संस्थेतून काहीही नोंदीशिवाय बाहेर जात नाही, म्हणून ती या पत्रात करते. पण आधी, तू मागाकडे तोंड करून बसली होतीस, तुझ्या पाठीमागे जे झालं ते तुला दिसलं नाही. ते लिहून ठेवते.

तुझा फोन यामनाने घेतला आणि उंबऱ्याबाहेर स्टुलावर ठेवून त्यावर बसली. कोंबडी अंड्यावर बसते तशी. तो तिच्याखाली वाजत राहिला आणि ती जागची हलली नाही. मम्मास म्हणाली, "आजी, उबवून पिल्लू निघालं तर फ्रेंच बोलेल." अंगणात झाडून सगळ्या आल्या होत्या, हाजीचं काम टाकून. आत यायला एकही तयार नव्हती. आत तू आणि मी.

तू बराच वेळ नुसती बघत होतीस. तुझा हात नक्षीवरून खालून वर जात होता आणि एका जागी थांबत होता. मी विचारलं नाही. तूच म्हणालीस, "हा मी काढलेला डोंगर आहे. लहानपणी. चुकलेला. आईने मारलं होतं मला त्याच्यासाठी." आणि थोडं वर, "हीपण माझी चूक." तिथून वर सगळीकडे. तेव्हा मला त्या गालिचातलं पहिल्यांदा काही कळलं. आणि तुझा चेहरा दिसत नव्हता ते बरं झालं, कारण माझाही कोणी पाहू नये असा झाला होता.

मग यामना दारातून ओरडली, "पोरी, विणू नकोस! पाणी दिलंय त्याला!"

तू तिला जे उत्तर दिलंस, ते गावात आता सगळे एकमेकांना सांगतात. "आजी, ते पाणी आईचं होतं. तिचंच उरलेलं तिला मिळालं. गालिचाला त्याचं पाणी अजून कोणी दिलेलंच नाही."

पन्नास वर्षं यामनाने मेलेल्यांना धुतलं, तिला हे सुचलं नव्हतं. मला तर नाहीच. पण मी तेव्हा दुसराच विचार करत होते. पाणी इज्जाचं होतं आणि ती रीतीने गेली, तर इतके दिवस त्या मागात कोण अडकलं होतं?

तू लोकर ओढलीस, गाठी मारल्यास, एक ओळ पुरी केलीस आणि फणी उचललीस. दोन जोरात. तिसरा हलका.

बाहेर मम्मास किंचाळली. दोघीजणी अंगणातून पळाल्या, त्यातली एक चिखलात पडली, आता लंगडते आहे. तू वळून विचारलंस, "काय झालं?" तुला माहीतच नव्हतं. तुझं मनगट कधी मोडलं नाही, हेन्नू. तू तिच्या डाव्या हाताला बसून जो ठोका ऐकलास, तोच तुझ्या हातात बसला. तिकडे परदेशात इतकी वर्षं तू कधी मागावर बसलीच नव्हतीस, मग तुला कोण सांगणार?

मला वाटलं आता तू पुढे विणशील. तू फणी मांडीवर ठेवून बसून राहिलीस. मग म्हणालीस, "पुढचं येत नाही. मी गेल्यानंतरच्या माझ्या चुका आईला माहीत नव्हत्या."

मी म्हटलं, "त्या तुला माहीत आहेत."

"त्या विणायच्या नाहीत मला," म्हणालीस, आणि कात्री मागितलीस.

कापलं तू. पाणी यामनाने दिलं, विहिरीचं, ताजं, मम्मासने वाडगं धरलं आणि या वेळी यामनाच्या हाताला धरून कुठे शिंपडायचं ते तिनेच दाखवलं. कलमा सगळ्यांनी म्हटला. पळालेल्याही परत आल्या होत्या.

गालिचा कोणाचा, यावर नंतर जे झालं ते तू ऐकलंस. लोकर संस्थेची, माग संस्थेचा. मराकेशच्या एका दुकानदाराला ही सगळी हकीकत कुठून तरी कळली होती, त्याने बासूला निरोप दिला होता, अर्धा गालिचा द्या, गोष्टीसकट घेतो. मी त्याचा विचार केला. अध्यक्ष आहे, करावा लागतो. गाडीला नवी चाकं लागतील. मम्मास म्हणाली, "लल्ला, गोष्टीसकट म्हणजे इज्जासकट," आणि विषय संपला. सभेचा ठराव झाला तो तुला माहीत आहे. तुला पुन्हा सभासद करून घ्यायचा ठराव आला नाही, कारण तू तसा अर्ज केला नाहीस. करशील तेव्हा बघू. कंपनीला तू काय उत्तर दिलंस ते मी विचारणार नाही.

खोली सुरू झाली आहे. मम्मासने हाजीची फुलं अर्ध्यावर परत केली. त्याने वाईट तोंड केलं, तिने त्याहून वाईट केलं. मुली परवापासून शाळेत जातात.

आता नोंद.

हेन्नू, इज्जाची मुलगी, हिला संस्थेकडून दिलं:
गालिचा, एक, अर्धा. कापलेला आणि रीतीप्रमाणे पाणी दिलेला. वरची एक ओळ तिच्या हातची, खालच्या सगळ्या आईच्या. याचा फोटो कोणाकडेही नाही.
न विणलेल्या ताण्याची लोकर, गुंडाळून, त्यासोबत.

हेन्नूकडून संस्थेला मिळालं:
विणकामाची खोली. माग उतरवलेला, जमीन झाडलेली.

खोलीत जो आवाज येत असे, तो कोणाकडे गेला याची नोंद करता येत नाही. इथे तो नाही. त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी दुपारी, सगळे मशिदीत गेल्यावर, मी आत बसून खात्री करून घेतली आहे.

देणार: तूदा, अध्यक्ष.
साक्षीदार: यामना, अंगठा. मम्मास, सही.
घेणार: ही जागा तुझ्या सहीसाठी मोकळी ठेवली आहे. एक प्रत सही करून परत पाठव.